जमीन जागेवर, सातबारा गायब: मॉडेड स्विचच्या मेमरी कार्डाचं एक प्रकरण

भाऊबीजेच्या आदल्या रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, जागा आहेस ना? स्विच गेला." म्हणलं गेला म्हणजे काय, पडला का पाण्यात बुडला. "नाही रे, चालू होतोय, पण आत काहीच नाहीये." एवढं ऐकूनच माझ्या लक्षात आलं की स्विचला, म्हणजे त्याच्या गेम खेळायच्या कन्सोलला, काही झालेलं नाही, जे काय झालंय ते आतल्या मेमरी कार्डावर झालंय. पण तसं त्याला सांगितलं नाही, कारण मधल्या तासाभरात त्याने काय काय करून ठेवलंय ते आधी ऐकायचं होतं. आणि त्याने केलं होतं, बरंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. कन्सोल म्हणजे निन्टेन्डो स्विच, पहिल्या लॉटमधला, २०१७ चा. इथे कंपनी तो अधिकृतपणे विकत नाही त्यामुळे ताईच्या दिरांनी दुबईहून आणलेला. या जुन्या तुकडीतल्या टेग्रा एक्स१ चिपच्या बूटरॉममध्येच, म्हणजे कन्सोल सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडमध्येच, एक भोक आहे, २०१८ च्या एप्रिलमध्ये ते जाहीर झालं, फ्युझे जेले या नावाने. चिपमध्येच कोरलेला कोड असल्यामुळे विकल्या गेलेल्या मशिनमध्ये ते अपडेट पाठवून बुजवता येत नाही. उजव्या जॉयकॉनच्या (काढता येणाऱ्या कंट्रोलरच्या) खाचेत जिग, म्हणजे पिना जोडणारा एक छोटा तुकडा, सरकवायचा, व्हॉल्यूम अप आणि पॉवर दाबायचं, कन्सोल रिकव्हरी मोडमध्ये जातो, मग यूएसबीने हेकाटे नावाच्या बूट मेनूचा पेलोड (छोटा कोड) पाठवायचा आणि तिथून मॉड केलेली सिस्टीम, अ‍ॅटमॉस्फिअर सुरू. भाचा अकरावीत असताना हे सगळं शिकला, ऑनलाइन जायचं नाही हेही शिकला (गेलात तर कन्सोल बॅन होतो), आणि स्वतःकडच्या कार्ट्रिजचे डंप, जुने एम्युलेटर, स्वतः लिहिलेली एक-दोन भिकार होमब्रू (कंपनीच्या दुकानाबाहेरची) अ‍ॅप्स असं सगळं त्यावर चालवायचा. दुसऱ्याच्या गेम्स फुकट उतरवण्याच्या भानगडीत मी त्याला मदत करत नाही हे त्याला माहितीये, त्यामुळे तो विषय आमच्यात निघत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. तो खेळायचा ते इम्यूएमएमसीवर. म्हणजे कन्सोलच्या आतल्या ३२ जीबी मेमरीची एक हुबेहूब नक्कल मेमरी कार्डावर बनवायची आणि मॉड केलेली सिस्टीम त्या नकलेवरून चालवायची, आतली खरी मेमरी स्वच्छ ठेवायची. आयडिया चांगली आहे, मीच सांगितली होती. पण यात एक मेख आहे जी बरेच जण विसरतात. साध्या स्विचमध्ये गेम कार्डावर असला तरी सेव्ह कायम कन्सोलच्या आतल्या मेमरीत असते, कार्ड मेलं तरी सेव्ह वाचते. इम्यूएमएमसीमध्ये "आतली मेमरी" म्हणजेच कार्ड. कार्ड गेलं की गेम्ससकट सेव्हही गेल्या. आणि या कार्डावर भाच्याची एका गेमची १६० तासांची सेव्ह तर होतीच, पण ताईचीसुद्धा एक होती. लॉकडाऊनमध्ये तिने एक शेतीचा गेम खेळायला घेतला आणि मग सोडलाच नाही. रोज रात्री जेवणं आवरली की अर्धा तास ढोबळी मिरची लावणार, कोंबड्यांना दाणे घालणार. चार वर्षांची शेती.

तर त्या रात्री काय झालं. भाचा वायफायवरून एफटीपीने एक मोठी फाइल कन्सोलवर टाकत होता, सिस्टीम इम्यूएमएमसीवरून चालू असताना, म्हणजे एकाच कार्डावर एकीकडून सिस्टीमचं लिखाण चालू आणि दुसरीकडून एफटीपीचं. नव्वद टक्क्यांवर सगळं गोठलं. पाच मिनिटं वाट बघून त्याने पॉवरचं बटण दाबून धरलं, बंद केला, परत चालू केला. हेकाटेचा मेनू आला पण इम्यूएमएमसी काही सुरू होईना. मग त्याने कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, विंडोजने विचारलं की या ड्राइव्हमध्ये प्रॉब्लेम आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का, आणि पोराने हो म्हणलं.

इथे मी फोनवर कपाळावर हात मारला.

दुरुस्तीनंतर कार्डावर इम्यूएमएमसी नावाचा फोल्डरच नव्हता. आधी वापरलेली जागा १९० जीबीच्या वर होती, आता ४० आणि काहीतरी. "मामा, दीडशे जीबी उडाले." म्हणलं उडाले नाहीत, आता एक काम कर, कार्ड काढ, त्याची ती छोटी बारकी लॉकची खटकी असते ना अ‍ॅडॅप्टरवर ती खाली कर, आणि उद्या येताना घेऊन ये. कन्सोलमध्ये घालू नकोस, फॉरमॅट करू नकोस, नवीन काही कॉपी करू नकोस, यूट्यूबवर बघून कुठलं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तर अजिबात टाकू नकोस. त्याने विचारलं कन्सोल तरी ठीक आहे का ते बघू का. म्हणलं कार्डाशिवाय चालू करून बघ. केला, मूळ सिस्टीम ठणठणीत आली. म्हणजे तेवढं तरी निस्तरलं, शंका फक्त कार्डावर राहिली.

आता हे नेमकं काय झालं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

कार्ड २५६ जीबीचं. ३२ जीबीच्या वरची कार्डं म्हणजे एसडीएक्ससी, ती दुकानातून येतात तीच एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट होऊन. भाच्याने विंडोजमध्ये परत एकदा फॉरमॅट केलं होतं तेही एक्सफॅटच, कारण विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या कार्डाला फॅट३२ चा पर्यायच दिसत नव्हता. फॅट३२ १९९६ चं, एक्सफॅट २००६ चं, त्यामुळे नवीन ते चांगलं असं पोरांना वाटतं. कॅमेऱ्यासाठी आहेही चांगलं. मॉड केलेल्या कन्सोलवर मात्र जुनेजाणते सगळे एकच सांगतात की फॅट३२ वापरा, आणि नवीन येणारा प्रत्येक जण ते एकदा कार्ड बिघडल्यावरच ऐकतो.

फाइल सिस्टीम म्हणजे काय, तर गावच्या जमिनीचं दप्तर. जमीन म्हणजे कार्डावरचे क्लस्टर, ठरावीक मापाचे तुकडे, त्यांच्यावर खरा डेटा. आणि कुठला तुकडा कुणाच्या नावावर हे लिहिलेलं असतं ते दप्तरात. फॅट३२ मध्ये हा तुकडा संपला की पुढचा कुठला ही साखळी एका तक्त्यात असते आणि त्या तक्त्याच्या दोन प्रती असतात, एक तलाठ्याकडे आणि एक तहसीलला म्हणा. एक्सफॅटमध्ये प्रत एकच. शिवाय एक्सफॅटची अजून एक तऱ्हा आहे, फाइल जर सलग जागेत बसली असेल तर तिची साखळी लिहितच नाहीत, फोल्डरच्या नोंदीत नुसतं "अमुक क्लस्टरपासून पुढे इतके बाइट" एवढंच. कुठली जागा भरलेली आहे त्याचा एक वेगळा नकाशा असतो, पण तो नुसतं भरलेली की मोकळी एवढंच सांगतो, कुणाची ते नाही.

म्हणजे फोल्डरची ती एक नोंद गेली की मालकच गेला. खरं सांगायचं तर फॅट३२ मध्येही फोल्डरची नोंद एकदाच असते, दुसरी प्रत सगळ्यावरचं औषध नाही. पण तिथे निदान साखळी उरते आणि दुरुस्तीचं टूल म्हणतं की ही बेवारस साखळी सापडली, घ्या तुमची डॉट सीएचके फाइल. एक्सफॅटमध्ये सलग फाइलची साखळीच नाही, त्यामुळे दुरुस्तीवाल्याला दिसतं फक्त "भरलेली पण कुणाचीच नसलेली जागा", आणि तो ती मोकळी म्हणून जाहीर करून टाकतो. भाच्याच्या कार्डावर झालं ते हेच. फ्लॅश कार्ड आतून मोठमोठ्या ब्लॉकमध्ये लिहितं, एका कोपऱ्यात बदल करायला अख्खा ब्लॉक उचलून परत ठेवतं, त्यात वीज गेली तर ज्याला कुणी हात लावला नव्हता तो शेजारचाही डेटा बिघडतो. कार्डाच्या सगळ्यात वरच्या फोल्डरात इम्यूएमएमसीची जी नोंद होती तिचा चेकसम, म्हणजे नोंद शाबूत आहे का ते पडताळायचा आकडा, जुळेना झाला. विंडोजने चेकसम चुकलेली नोंद काढून टाकली, आणि तिच्याखालचं सगळं गाव बेवारस ठरवून गायरानात जमा केलं. जमिनीला कुणी हात लावलेला नव्हता. गेला होता तो सातबारा.

पण गायरान म्हणजे कुणीही येऊन बसू शकतं. म्हणून ते काही कॉपी करू नकोसचं पालुपद.

भाऊबीजेला ओवाळणी झाली, जेवणं झाली, ताई विचारत होती की तुम्ही दोघं सारखे काय कुजबुजताय. भाच्याने तिला काही सांगितलं नव्हतं. मी जुना लिनक्सचा लॅपटॉप काढला आणि पहिलं काम म्हणजे कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा, डीडीरेस्क्यू या टूलने, बाहेरच्या हार्ड डिस्कवर. माझा कार्ड रीडर यूएसबी २ चा, सेकंदाला वीस एमबीच्या आसपास, २५६ जीबीला साडेतीन तास. एकही रीड एरर नाही. तेव्हाच निम्मा जीव खाली बसला, कारण कार्ड शारीरिकदृष्ट्या मरत असतं तर इथेच अडखळलं असतं. भाच्याला शंका होती की कार्डच डुप्लिकेट असणार, सेलमध्ये स्वस्तात घेतलं होतं. डुप्लिकेट कार्डं असतातच, आत ३२ जीबी आणि सांगतात २५६, भरलं की परत पहिल्यापासून वर लिहायला लागतात. ते तपासायला एफ३ नावाचं टूल आहे, पण ते कार्डावर लिहून बघतं! म्हणजे प्रतिमा घ्यायच्या आधी ते चालवलं असतं तर स्वतःच्या हाताने नांगर फिरवला असता. आम्ही ते दोन दिवसांनी केलं, सगळं संपल्यावर, आणि कार्ड अस्सल निघालं. दुकानदाराला उगाच शिव्या घातल्या.

मग शोधाशोध. यातला हा भाग मला सगळ्यात आवडलेला आहे त्यामुळे जरा सविस्तर.

भाच्याची इम्यूएमएमसी फाइलवाली होती, म्हणजे नकलेसाठी वेगळं पार्टिशन न करता कार्डावरच्या एका फोल्डरात ०० पासून ०७ पर्यंत आठ फाइलींत ती ठेवलेली. हेकाटे त्या मुद्दाम ४ जीबीच्या थोड्या आत ठेवतं, फॅट३२ वरही मावाव्यात म्हणून. प्रत्येक पूर्ण तुकडा ४,२६,१४,१२,८६४ बाइटचा. हा आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत, लिहिला तर एफई आणि पुढे सहा शून्यं असा गोल येतो, आणि कार्डावर बाइट उलट्या क्रमाने असतात म्हणजे शोधायचं काय, तर शून्य शून्य, शून्य शून्य, शून्य शून्य, एफई, आणि मग चार बाइट शून्यं. एक्सफॅटच्या फोल्डरात एका छोट्या नावाच्या फाइलची नोंद ९६ बाइटची, ३२ चे तीन भाग, पहिला ८५ ने सुरू होतो, दुसरा सी० ने, तिसरा सी१ ने. मधल्या भागात लांबी दोनदा लिहिलेली असते, १६ बाइटच्या अंतराने.

भाच्याला म्हणलं तूच लिही स्क्रिप्ट. त्याने पायथनमध्ये दहा ओळी लिहिल्या आणि लावून दिलं आणि आम्ही फराळाचं ताट घेऊन बसलो. चकलीचा दुसरा घास असेल, स्क्रीनवर दोन ओळी आल्या. मग ९६ बाइटनंतर अजून दोन. मग अजून दोन. एकाखाली एक चौदा ओळी, म्हणजे सात फाइली, एकाच जागी ओळीने बसलेल्या. पोरगं ओरडलंच.

त्या नोंदींत पहिला क्लस्टर कुठला तेही असतं. ०० चा ३२०, ०१ चा ३२,८३२, ०२ चा ६५,३४४. फरक काढला तर प्रत्येक वेळी ३२,५१२. आता कार्डाचा क्लस्टर १२८ केबीचा, म्हणजे १,३१,०७२ बाइट, त्याला ३२,५१२ ने गुणलं की बरोब्बर ४,२६,१४,१२,८६४. म्हणजे फाइली एकाला एक चिकटून, मध्ये फट नाही, कार्ड कोरं असताना पहिल्यांदा याच बनवल्या होत्या त्यामुळे सलग जागा मिळालेली. आठवी फाइल छोटी, १,४३,८६,४६,२७२ बाइट. सात मोठ्या आणि ही आठवी मिळवली तर ३१,२६,८५,३६,३२०, आणि स्विचच्या आतल्या मेमरीच्या पूर्ण बॅकअपचा आकार हाच, शेवटच्या आकड्यापर्यंत. भाच्याकडे पहिल्या दिवशी घेतलेला बॅकअप होता त्याच्याशी ताडून पाहिला. हिशेब जुळला की माणसाला जे बरं वाटतं ना, ते पगार झाल्यावर पण वाटत नाही.

साखळी न लिहिण्याची जी तऱ्हा मघाशी शिव्या देत सांगितली, तिनेच इथे तारलं बघा. साखळी लागतच नव्हती. सुरुवात माहिती, लांबी माहिती, सलग आहे हे माहिती, प्रतिमेतून तेवढा भाग कापून घ्यायचा. एक्सफॅटमध्ये क्लस्टरची मोजणी २ पासून सुरू होते तेवढं वजा करायला विसरायचं नाही. आम्ही विसरलो पहिल्यांदा, आणि आठही फाइली २५६ केबीने सरकलेल्या निघाल्या, वीस मिनिटं डोकं खाजवत बसलो. दुसऱ्यांदा नीट आल्या. बूट० आणि बूट१ नावाच्या ४-४ एमबीच्या दोन फाइली तिथेच शेजारी होत्या, त्याही घेतल्या.

कार्डावर परत टाकायच्या आधी आत काय आहे ते लॅपटॉपवरच बघितलं. ही गंमत बघा, कार्डावर एक्सफॅट, त्यात आठ फाइली, त्या जोडल्या की एक मेमरी, तिच्यात वेगवेगळी पार्टिशनं, आणि यूजर नावाचं पार्टिशन कुलूपबंद, ते उघडलं की आत कोण तर फॅट३२. किल्ल्या प्रत्येक कन्सोलच्या वेगळ्या, भाच्याने त्याच्या कन्सोलच्या आधीच काढून ठेवल्या होत्या, नसत्या तरी कन्सोल हातात होता. पार्टिशन उघडलं. सेव्ह नावाच्या फोल्डरात सोळा-सोळा अक्षरांच्या नावाच्या फाइली ओळीने. कुठली ताईची शेती ते नावावरून कळत नाही, पण होती यातलीच एक.

नेमकी तेव्हाच ताई खोलीत आली. स्क्रीन बघितली, आमची तोंडं बघितली. "माझी शेती गेली का रे?"

"नाही गं," म्हणलं, "सातबारा हरवलाय फक्त."

बाकी राहिला निन्टेन्डो नावाचा फोल्डर, ज्यात गेम्सचा डेटा, स्क्रीनशॉट, व्हिडिओ. तोही त्या गायब झालेल्या इम्यूएमएमसी फोल्डरच्याच पोटात होता. तीच स्क्रिप्ट वाढवून बेवारस फोल्डरांतून चालवली. ज्या फाइली सलग होत्या त्या आल्या, ज्या तुकड्यातुकड्यात होत्या त्यांची साखळी दुरुस्तीत पुसली गेलेली, त्या गेल्या. गेम्स कार्ट्रिजवरून परत डंप करता येतात, त्याचं दुःख नाही. तीसेक व्हिडिओ गेले, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे. त्यातल्या एकाबद्दल भाचा अजून हळहळतो.

इथपर्यंत मी हिरो होतो. आता माझी चूक.

ठरलं असं की नवीन कार्ड फॅट३२ मध्ये करायचं, क्लस्टर ३२ केबी, त्यासाठी विंडोजवर एक छोटं फॉरमॅटचं टूल मिळतं, आणि वाचवलेलं सगळं त्यावर ठेवायचं. भाच्याची सुट्टी संपली, मी त्याला वाचवलेला डेटा हार्ड डिस्कवर दिला, तो हॉस्टेलला गेला, आणि तिथे रूममेटच्या मॅकवरून त्याने कार्ड भरलं. दोन दिवसांनी फोन. इम्यूएमएमसी चालू झाली, सेव्ह दिसतायत, पण बरेच गेम्स म्हणतात डेटा करप्ट. आणि होमब्रूच्या मेनूत प्रत्येक अ‍ॅप दोन-दोनदा दिसतंय, त्यातलं एक उघडतच नाही.

दुसरं सोपं होतं. मॅक फॅट किंवा एक्सफॅट कार्डावर कॉपी करताना स्वतःची जास्तीची माहिती ठेवायला प्रत्येक फाइलबरोबर एक सावली फाइल बनवतो, नाव तेच, पुढे डॉट आणि अंडरस्कोअर. मॅकला त्या दिसत नाहीत, कन्सोलला दिसतात, आणि तो बिचारा त्यांना खरं अ‍ॅप समजतो. मॅकच्या टर्मिनलमध्ये डॉट_क्लीन (dot_clean) म्हणून कमांड आहे, ती चालवली की साफ.

गेम्सचं मात्र माझ्यामुळे झालं. ४ जीबीपेक्षा मोठी गेमची फाइल स्विच फोल्डरसारखी ठेवतो. फोल्डरचं नाव डॉट एनसीए ने संपतं, आत ००, ०१ असे तुकडे, आणि "हा फोल्डर नाही, ही एक फाइल आहे" हे कन्सोलला कळतं ते त्या फोल्डरवरच्या एका खुणेवरून, अर्काइव्ह बिट. डॉसच्या काळापासूनची ही खूण, बॅकअपवाल्यांसाठी होती, या फाइलचा बॅकअप घ्यायचा राहिलाय एवढंच सांगायला. स्विचने तिला दुसऱ्याच कामाला लावलीये. आणि मी काय केलं होतं, तर सगळा डेटा काढून लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर ठेवला होता, जिथे ही खूण मुळात नसतेच. पुसली गेली, मला पत्ता नाही. वर मॅकने आपल्या मनाने कुठे लावल्या, कुठे नाही. म्हणजे बाइट न् बाइट बरोबर, आणि तरी कन्सोलच्या लेखी करप्ट. भाचा म्हणे, "मामा, मी उगाच रूममेटला ओरडलो." म्हणलं मला ओरड, पण आधी दुरुस्त करू.

दुरुस्ती अगदीच किरकोळ निघाली. हेकाटेच्या टूल्समध्ये अर्काइव्ह बिट दुरुस्त करण्याचं बटण आहे, ते कार्डावरचे सगळे फोल्डर फिरतं, इम्यूएमएमसीतलेही, ज्यांच्या नावाच्या शेवटी डॉट आणि एक्स्टेन्शन असतं त्यांना खूण लावतं, बाकीच्यांची काढतं. मी फोनवर सांगत होतो, तो दाबत होता. गेम्स चालू झाले. दोन चालले नाहीत, त्यांच्या फाइली मघाशी सांगितल्या तशा कार्डावर विखुरलेल्या होत्या, ते कार्ट्रिजवरून परत घेतले.

यानंतर आम्ही रचनाच बदलली. आधी सेव्ह मॅनेजर होमब्रूने सगळ्या सेव्ह साध्या फाइली म्हणून बाहेर काढल्या आणि लॅपटॉपवर एक, माझ्याकडे एक अशा दोन प्रती ठेवल्या. मग हेकाटेमधूनच कार्डाचं पार्टिशन केलं, इम्यूएमएमसी आता फाइलींत नाही तर कार्डावरच्या स्वतःच्या २९ जीबीच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये. त्यामुळे बाहेरची फॅट३२ कितीही चिघळली, त्या दिवशीसारखी कुणी "दुरुस्त" केली, तरी आतल्या सेव्हच्या पार्टिशनला धक्का लागत नाही. विंडोजला कार्ड लावलं की मात्र ते दुसरं पार्टिशन बघून तो विचारतो, हे फॉरमॅट करायला हवं, करू का. भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर पिवळा कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात "नाही". आता तर तो कार्ड काढतच नाही, हेकाटेमध्ये कार्ड यूएसबी ड्राइव्हसारखं दाखवायची सोय आहे तीच वापरतो, केबल लावली, कॉपी केलं, इजेक्ट केलं. सिस्टीम चालू असताना एफटीपीने मोठ्या फाइली टाकणं बंद. मॅक वर्ज्य, रूममेटशी मैत्री कायम.

जुनं कार्ड, ज्याला आम्ही डुप्लिकेट म्हणून बदनाम केलं होतं, ते माझ्या डॅशकॅममध्ये आहे. एक्सफॅटमध्येच, तिथे छान चालतंय.

ताईला कन्सोल परत मिळाला त्या रात्री मी तिथेच होतो. तिने गेम उघडला, नांगरलेले वाफे होते तसे, कोंबड्या खुराड्यात. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, बारा दिवस पाणी नाही घातलं, जळाली असेल सगळी मिरची."

भाच्याने सांगितलं की आई, तू खेळत नव्हतीस तेव्हा तिथे दिवस पुढे जातच नाही.

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि झारी उचलली.